फोटोत सोंडा चार, वादळ मात्र एकच

मे महिन्यातली संध्याकाळ. वळीव नुकताच झोडपून गेला होता, लाइट गेली होती, आणि भाची मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला होता. काळंनिळं आभाळ, त्यातून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या चार सोंडा आणि खाली एक ओळ : 'आज दुपारी कागलजवळ'.

"मामा, ही चार वादळं हाईत का एकच? मी दोन-तीनदा मोजलो. चारच दिसत्यात."

फोटो कागलचा नव्हता हे पाहताक्षणी कळत होतं. मधोमध पिवळी दुहेरी रेघ मारलेला सरळसोट रस्ता, लाकडी खांबांवरच्या तारा, आणि क्षितिजापर्यंत उसाचं एक कांडं नाही. पण फोटो कुठला, हा तिचा प्रश्नच नव्हता. सोंडा चार दिसल्या म्हणजे वादळंही चार का, हे तिला हवं होतं. हा प्रश्न फार मोलाचा आहे. तो सुटायला हवामानशास्त्राला काही दशकं लागली, आणि त्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात जमेल तेवढं तिला सांगितलं, पुढचे काही दिवस आम्ही दोघं त्याच विषयावर बोलत राहिलो. ते सगळं इथे सविस्तर मांडतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे बातम्यांत टोर्नेडोलाही सर्रास चक्रीवादळ म्हणतात, पण ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि कित्येक दिवस जगतं. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत टेकलेला हवेचा फिरता खांब. त्याची रुंदी बहुतेक वेळा काही दहा मीटर ते काहीशे मीटर, आणि आयुष्य मिनिटांचं. वावटळ तिसरीच. ती तापलेल्या माळावर, रखरखीत उन्हात, वर ढग नसताना जमिनीवरून उठते आणि थोडा पाचोळा फिरवून विरते. टोर्नेडोचं मूळ मात्र वरच्या ढगात असतं.

आता फोटोकडे वळू. सगळ्यांत आधी एक गोष्ट मनात पक्की करायची : फोटोत दिसते ती सोंड म्हणजे वारा नव्हे. वारा दिसतच नाही.

जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेला जो गेला आहे त्याला हे लगेच पटेल. सासनकाठ्या नाचत येतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि तोवर नुसता अंगाला लागणारा वारा एकदम डोळ्यांना दिसायला लागतो. एका वर्षी मी देवळाच्या आवारात, दोन दगडी भिंतींच्या कोपऱ्याजवळ उभा होतो. वारा त्या कोपऱ्यात अडला आणि गुलालाची कमरेएवढी भोवरी उठली. फिरता फिरता ती फाटली, तिच्या दोन बारीक भोवऱ्या झाल्या, त्या एकमेकींभोवती फेर धरून फिरल्या आणि विरल्या. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. गुलाल नसता तर मला तिथे काहीच दिसलं नसतं. वारा मात्र तेवढाच असता.

टोर्नेडोत हे गुलालाचं काम दोन गोष्टी करतात. एक म्हणजे जमिनीवरून उचललेली धूळ, माती, पत्रे, फांद्या. दुसरी म्हणजे हवेतली वाफ. फिरत्या खांबाच्या आत हवेचा दाब एकदम उतरतो. दाब उतरला की हवा फुगते, फुगली की थंड होते, आणि थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं धुकं बनतं. पावसाळ्यात पन्हाळ्यावर ढग उतरल्यासारखे दिसतात त्यामागेही हेच आहे. खालची ओली हवा डोंगर चढताना फुगते, गार होते आणि तिथल्या तिथे ढग बनते. टोर्नेडोत हवेला डोंगर चढावा लागत नाही, दाबच तिच्याभोवती कोसळतो. किती? टिम सामारास नावाच्या अमेरिकन अभियंत्याने २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर गावाजवळ टोर्नेडोच्या वाटेवर एक उपकरण ठेवलं. टोर्नेडो त्याच्यावरून गेला तेव्हा दाब १०० हेक्टोपास्कलने उतरल्याची नोंद झाली. कोल्हापुरातून पन्हाळ्याला चढताना दाब जेवढा उतरतो त्याच्या दुपटीहून अधिक, तोही घाट न चढता, काही सेकंदांत.

म्हणजे सोंड हा फक्त दाब पुरेसा उतरल्याचा नकाशा आहे. वाऱ्याचं वर्तुळ सोंडेपेक्षा कितीतरी रुंद असू शकतं. हवा कोरडी असेल तर सोंड ढगाखाली अर्ध्यावरच थांबते आणि खाली नुसती धूळ फिरताना दिसते, तरी घराचे पत्रे उडतातच. आणि भाचीच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी की वाऱ्याचं एकच मोठं वर्तुळ असेल आणि त्यात चार ठिकाणीच दाब खूप उतरला असेल, तर कॅमेऱ्याला चार सुट्या सोंडा दिसतील. त्यांना एकत्र बांधणारं वर्तुळ फोटोत उमटणारच नाही.

पण एका वर्तुळात चार ठिकाणी असं का व्हावं? त्यासाठी टोर्नेडो कसा उभा राहतो ते थोडं पाहावं लागेल.

जमिनीजवळ वारा मंद असतो आणि एका दिशेने वाहतो. दोन-चार किलोमीटर उंचीवर तो जोराचा असतो, दिशाही वेगळी. या दोन थरांमधली हवा वळली जाते. देवासाठी वात वळताना कापूस दोन तळहातांत धरतो, वरचा हात पुढे जातो, खालचा मागे राहतो आणि वात गोल फिरते, तशीच ही हवा फिरते. फक्त ही वात आडवी, डोळ्यांना न दिसणारी आणि काही किलोमीटर लांब असते. आता तिच्या मध्यावर गडगडाटी ढगाचा वर चढणारा झोत आला, की वातीचा मधला भाग वर उचलला जातो आणि आडवं फिरणं उभं होतं. असा सबंध ढगच सावकाश फिरायला लागला की त्याला सुपरसेल म्हणतात. मोठे, संहारक टोर्नेडो बहुतेक याच ढगातून येतात.

पुढचा भाग फुगडीचा. दोघी हात लांब ताणून फुगडी घालतात तेव्हा वेग मध्यम असतो; त्याच गिरकीत अंग जवळ आणलं की वेग वाढतो. ढगाखालची हवा वर ओढली जाताना मध्याकडे सरकते आणि तिचा वेग वाढत जातो. जमिनीलगतचं हे आवळणं नेमकं कधी जमतं आणि कधी फसतं यावर आजही संशोधक भांडतात. बहुसंख्य सुपरसेलमधून टोर्नेडो होतच नाही.

आणि आता मूळ गाठ. फिरणं वाढत गेलं की खांबाच्या मधोमध दाब इतका उतरतो की वरची हवा खाली ओढली जायला लागते. पातेल्यातलं पाणी पळीने जोरात ढवळलं की मध्यभागी खळगा पडतो, त्याची आठवण ठेवा. खांब रुंद होतो, आतून पोकळ होतो. पोकळीत हवा खाली येते आहे, तिचं फिरणं कमी. तिच्याभोवतीच्या कड्यात हवा वर चढते आहे आणि प्रचंड वेगाने फिरते आहे. संथ हवा आणि वेगवान हवा एकमेकींना खेटून उभ्या.

असं खेटून उभं राहिलेलं पाणी बघायचं असेल तर राजाराम बंधाऱ्यावर जावं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा आपल्याच जिल्ह्याने राज्याला दिलेला नमुना. दगडी खांब, मधल्या मोऱ्या आणि त्यांत बसवायचे बरगे. बरगे काढलेले असताना मोऱ्यांतून पाणी मुसंडी मारून सुटतं आणि खांबाच्या पाठीमागे मात्र जवळजवळ उभं असतं. या दोन पाण्यांमधल्या रेघेवर नजर ठेवा. ती रेघ सरळ राहत नाही. आधी लाटेसारखी वाकते, मग प्रत्येक वाकावर वाटीएवढा भोवरा वळतो, एकामागून एक, माळेतल्या मण्यांसारखे. एखादं पिंपळपान त्यात सापडलं तर एका भोवऱ्यात गरगरतं, सुटतं, पुढच्यात सापडतं. भोवरे कुणी पाडलेले नाहीत. दोन वेगांची पाणी एकमेकांना घासली की भोवऱ्यांवाचून गत्यंतरच नसतं.

आता ती रेघ उचलून गोल वाकवा, दोन्ही टोकं जोडा. भोवऱ्यांची माळ एका वर्तुळावर बसली. टोर्नेडोच्या पोकळीभोवती नेमकं हेच होतं. कडं फुटतं आणि त्याचे दोन, तीन, चार, कधी पाच-सहा उपभोवरे होतात. ते स्वतःभोवती फिरतात आणि सगळे मिळून मूळ मध्याभोवतीही धावतात. फोटोतल्या चार सोंडा त्या ह्या. वादळ एकच, कडं फुटलेलं.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथे नील वॉर्ड या संशोधकाने प्रयोगशाळेत टोर्नेडोचा नमुना बांधला. वर हवा ओढणारा पंखा, भोवती फिरती जाळी. पंखा ओढतो किती आणि जाळी फिरवते किती, हे प्रमाण बदललं की काय होतं ते त्याने पाहिलं. फिरणं कमी असताना एकच बारीक खांब. फिरणं वाढवलं की खांब रुंद होऊन पोकळ. आणखी वाढवलं की दोन भोवरे, मग त्याहून जास्त. १९७२ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. ज्या चित्राकडे पाहून लोक ऐंशी-नव्वद वर्षं अचंबा करत होते ते एका खोलीत, हवं तेव्हा, उभं करता आलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

ऐंशी-नव्वद वर्षं म्हणालो, कारण टोर्नेडोचे सगळ्यांत जुने ज्ञात फोटो १८८४ सालचे आहेत. त्या वर्षी एप्रिलमध्ये कॅन्ससमध्ये एक टिपला गेला, आणि २८ ऑगस्टला साउथ डकोटातल्या हॉवर्ड गावाजवळ दुसरा. हॉवर्डच्या फोटोत मधोमध जाड काळी सोंड आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन आखूड सोंडा फुटलेल्या. पोस्टकार्डावर छापून तो लांबवर पोचला. पण जाणकारांचं मत असं की त्यावर हाताने बराच रंग-रेषांचा हात फिरवलेला आहे. म्हणजे बहुसोंडी वादळाच्या फोटोंचा इतिहासच अशा एका फोटोने सुरू होतो ज्यातलं निसर्गाचं किती आणि कलाकाराचं किती हे वेगळं काढता येत नाही. जुन्या स्टुडिओत नेगेटिव्हवर पेन्सिल चालवून चेहरे गुळगुळीत केलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या काळात हे किती सहज होतं हे माहीत असेल.

ज्या फोटोने खरा फरक पडला तो ११ एप्रिल १९६५ चा. ख्रिस्ती पंचांगातला पाम संडे. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत त्या दिवशी टोर्नेडोंची झुंड उठली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार पॉल हफमन हमरस्त्यावर होता. समोरून येणाऱ्या टोर्नेडोचे त्याने पळून न जाता एकामागून एक फोटो घेतले. सुरुवातीला एक सोंड. मग तीच फाकत जाते आणि पुढच्या फोटोत शेजारी शेजारी उभ्या दोन काळ्या सोंडा, गाडीतून उतरलेल्या माणसाच्या दोन पायांसारख्या. त्या वेळी त्या चाकांवरच्या, ओढून नेता येणाऱ्या घरांच्या वसाहतीवर होत्या.

जगभर गाजला तो दोन सोंडांचा फोटो. पण शास्त्राला उपयोगी पडली ती सबंध मालिका. दोन सोंडांचा एकटा फोटो पाहून कुणीही म्हटलं असतं की दोन टोर्नेडो शेजारून आले. क्रमाने पाहिलं तर एकाचे दोन होताना दिसतात.

हा क्रम वाचण्यात ज्याचा हात कुणी धरला नसता तो माणूस म्हणजे तेत्सुया फुजिता, पुढे थिओडोर म्हणून ओळखला गेलेला. जन्म १९२०, जपानमधल्या आजच्या कीताक्यूशू शहरातला. ९ ऑगस्ट १९४५ ला दुसरा अणुबॉम्ब ज्या कोकुरा शहरावर पडायचा होता तिथून तो काही किलोमीटरवरच राहत होता. कोकुरावर आभाळ झाकलेलं होतं म्हणून विमान पुढे नागासाकीला गेलं. काही आठवड्यांनी तरुण फुजिता नागासाकीत पोचला आणि स्मशानातल्या बांबूच्या फुलदाण्यांवर उमटलेल्या भाजल्याच्या खुणांवरून बॉम्ब किती उंचीवर फुटला याचा हिशेब त्याने मांडला. झाडं मध्यापासून बाहेरच्या बाजूंना आडवी झालेली त्याने तिथे पाहिली. मागे उरलेल्या खुणांवरून न पाहिलेली घटना उभी करायची, हे त्याचं पुढच्या आयुष्याचं काम झालं. तो १९५३ मध्ये शिकागोला गेला. २० जून १९५७ च्या फार्गोच्या टोर्नेडोनंतर त्याने सामान्य नागरिकांकडून शंभराहून अधिक फोटो गोळा केले, प्रत्येक फोटो कुठे उभं राहून घेतला हे शोधलं आणि वेळेच्या क्रमाने लावून ढगाचा एक प्रकारचा चित्रपटच बनवला. टोर्नेडोला शून्य ते पाच अशी श्रेणी देणारी मोजपट्टीही त्याचीच, १९७१ ची. मला स्वतःला या माणसाबद्दल अपार आदर आहे. वादळ समोर येईपर्यंत थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता, म्हणून वादळाने जमिनीवर लिहून ठेवलेलं वाचायला तो शिकला.

त्या लिखाणातली सगळ्यांत विलक्षण ओळ मक्याच्या शेतात होती. टोर्नेडो गेल्यावर शेतात एकात एक गुंतलेल्या अर्धवर्तुळांच्या रेघा दिसत. लोकांना वाटायचं, वादळाने एखादी जड वस्तू जमिनीवरून फरफटवली. फुजिताने विमानातून त्यांचे फोटो काढले, शेतात उतरून पाहिलं आणि दाखवलं की त्या ओरखड्यांच्या रेघा नाहीत, मक्याच्या धसकटांचे आणि पाचोळ्याचे रचलेले बांध आहेत. कुणीतरी छोटं, जोरकस काहीतरी गोल फिरत पुढे जात होतं आणि गोळा केलेला कचरा आपल्या वाटेवर टाकत होतं. तोच उपभोवरा. टेक्ससमधल्या लबक शहरात ११ मे १९७० ला टोर्नेडो आला तेव्हा त्याने नुकसानीचा नकाशा घराघरानुसार काढला, आणि दिसलं की मृत्यू जवळजवळ सगळे या उपभोवऱ्यांच्या अरुंद वाटांवरच झाले होते. ३-४ एप्रिल १९७४ ला तर चोवीस तासांत १४८ टोर्नेडो झाले, आणि ओहायोतल्या झीनिया गावात कुणीतरी घरगुती कॅमेऱ्याने काढलेल्या फिल्मवर एकाच टोर्नेडोत फिरणारे अनेक भोवरे स्पष्ट आले. तोवर शंका घेणाऱ्यांनाही मग मानावं लागलं.

याने एक जुनं कोडं सुटलं. टोर्नेडो गेलेल्या गल्लीत एक घर जोत्यापासून साफ आणि शेजारच्या घराच्या खिडकीतली कुंडीही जागेवर, असं कसं? दैवी कृपा, नशीब अशी उत्तरं लोक देत आले.

जत्रेतला ब्रेक डान्स पाळणा आठवा. मोठी चकती फिरते, तिच्यावरच्या बैठकाही स्वतःभोवती फिरतात. दोन्ही फिरणी एका दिशेला आली की पोटात गोळा येतो, आणि उलट आली की क्षणभर थांबल्यासारखं वाटतं. आता हिशेबासाठी आकडे धरू. मोठ्या वर्तुळाचा वारा ताशी २०० किलोमीटर, उपभोवऱ्याचा स्वतःचा १५०, आणि सबंध वादळ पुढे सरकतंय ५० ने. तिन्ही एका दिशेला आले तिथे वारा ४००. त्याच उपभोवऱ्याच्या दुसऱ्या अंगाला २०० आणि ५० मधून १५० वजा, म्हणजे १००. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून चौपट वेगाच्या ठिकाणी भिंतीवर सोळापट जोर. आणि या दोन जागांमध्ये अंतर काही दहा मीटरचं असू शकतं, एका घराचं.

आता, अनेक सोंडा दिसल्या म्हणजे दर वेळी फुटलेलं कडंच असतं असं नाही, इथे घाई करू नये. १६ जून २०१४ ला नेब्रास्कातल्या पिल्जर गावाजवळचा फोटो पाहा. सुमारे दीड किलोमीटर अंतर ठेवून दोन दांडगे टोर्नेडो एकाच वेळी जमिनीवर उभे आहेत. ते खरोखरच दोन होते. एकाच सुपरसेलने त्या दिवशी पाठोपाठ अशी पिल्लं घातली. जुना अजून मेलेला नाही तोवर नवा जन्मला, आणि दोघांची फिरती मुळं वर ढगात वेगवेगळी. दोघांनाही शून्य ते पाचच्या त्या मोजपट्टीवर चार ही श्रेणी मिळाली. आणखी एक प्रकार म्हणजे मोठ्या टोर्नेडोच्या बाहेरून त्याला प्रदक्षिणा घालणारा छोटा सोबती. तो कड्याच्या आतला नसतो, म्हणून त्याला उपभोवरा म्हणत नाहीत.

फोटोवरून ओळखायचं कसं? सोंडा वर कुठे जोडल्या आहेत ते पाहावं. एकाच उतरलेल्या ढगाच्या बुडातून, दाटीवाटीने, तिरक्या, एकमेकींना पीळ घातल्यासारख्या निघत असतील आणि खाली धुळीचं एकच घेर असेल तर बहुधा कडं फुटलेलं. प्रत्येकीला आपापलं ढगाचं बूड, आपापली धूळ आणि मध्ये स्वच्छ उजेड असेल तर जुळे. पण लांबून झूम करून काढलेल्या फोटोत मागेपुढे असलेल्या गोष्टी खेटून दिसतात, हे मोबाइलवर फोटो काढणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पुढे-मागे असलेले दोन टोर्नेडो त्यात सख्खे शेजारी भासतात. आणि उपभोवरे काही सेकंद जगतात, क्वचित मिनिटभर. कॅमेरा सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता डोळा उघडतो. त्या क्षणी चार, पुढच्या क्षणी दोन, मग एकही नाही. "मग चार म्हणायचं का नाही?" भाचीने विचारलं. त्या क्षणी चार होते, एवढंच म्हणता येतं.

हे सगळं कळूनही उपभोवरा किती जीवघेणा असतो ते ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ दिसलं. तो टोर्नेडो आपल्या भरात ४.२ किलोमीटर रुंद होता. अंबाबाईच्या देवळापासून शिवाजी विद्यापीठापर्यंत सरळ रेषेत साधारण तेवढंच अंतर आहे. तेवढ्या रुंदीचं फिरतं आभाळ डोळ्यांसमोर आणून पाहा. पाऊस आणि धूळ यांनी तो इतका लपेटलेला होता की जवळून पाहणाऱ्याला टोर्नेडो दिसतच नव्हता, काळी भिंत दिसत होती. तिच्या आत उपभोवरे धावत होते. ट्रकवर बसवलेल्या रडारने त्यांतला वारा ताशी ४७० किलोमीटरच्या वर मोजला. सबंध वादळ ज्या वेगाने सरकत होतं त्याच्या कितीतरी पट वेगाने हे भोवरे जमिनीवरून झेपावत होते, मध्येच वळसा घेत होते. दाबाची ती विक्रमी नोंद करणारा टिम सामारास, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यांच्या गाडीत होते. तिघेही गेले. तो बेधडक धावणारा हौशी माणूस नव्हता. आयुष्यभर सावधपणे हेच काम केलेला, लोकांना वेळेवर इशारा मिळावा म्हणून उपकरणं ठेवणारा माणूस होता.

आणि एवढ्या वाऱ्याला श्रेणी मिळाली तीन. कारण फुजिताची मोजपट्टी, आणि २००७ पासून वापरात असलेली तिची सुधारलेली आवृत्तीही, वारा मोजत नाही, पडझड मोजते. एल रेनोचे सगळ्यांत भयंकर भोवरे मोकळ्या रानातून गेले. मोडायला तिथे घरंच नव्हती.

असं काही कोल्हापुरात होईल का? घरात सगळ्यांचा खरा प्रश्न हाच होता. भारतात टोर्नेडो होतात, पण मुख्यतः बंगाल, ओडिशा आणि ईशान्येच्या बाजूला, मार्च ते मेमध्ये. शेजारी बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ ला आलेल्या टोर्नेडोत सुमारे तेराशे माणसं गेली; ज्ञात इतिहासात एका टोर्नेडोने घेतलेले इतके बळी दुसरीकडे नाहीत. दिल्लीतही १७ मार्च १९७८ ला उत्तरेकडच्या भागातून एक गेला होता. तिकडे त्या दिवसांत खाली उपसागराची दमट हवा असते आणि वर पश्चिमेचा जोराचा वारा अजून टिकून असतो. वात वळायला दोन्ही तळहात हजर.

आपल्याकडे वळवाच्या दिवसांत ऊन रग्गड, ढग उंचच उंच, गाराही पडतात. पण वर आणि खालच्या वाऱ्यात फार फरक नसतो. ढग सरळ वर चढतो, स्वतःच्याच पावसाखाली अर्ध्या-पाऊण तासात ढासळतो. पावसाळ्यात उलटं. तेव्हा खालून पश्चिमेचा आणि फार उंचीवर पूर्वेचा असे वारे चांगले भिडतात, पण हवेत ती तापलेली उसळी नसते. दोन्ही गोष्टी एका दिवशी जमणं इथे फार दुर्मिळ.

मग वळवात पत्रे उडतात, झाडं पडतात ती कशाने? बहुतेक वेळा खाली कोसळणाऱ्या हवेने. पावसाचे थेंब वाटेत सुकतात, हवा गार आणि जड होते, ढगातून धपकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हेही फुजितानेच सांगितलं. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कच्या विमानतळाजवळ उतरताना विमान कोसळलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. त्याची कारणं शोधताना त्याला नागासाकीची ती बाहेरच्या बाजूंना पडलेली झाडं आठवली. सुरुवातीला अनेकांनी त्याचं म्हणणं मानलं नाही. पुढे रडारने ते खरं ठरवलं, आणि वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं.

त्या वळवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वडणग्याच्या बाजूला ओळखीच्या एकांच्या रानात गेलो. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि बांधापासून निम्म्या पट्ट्यात तो आडवा झालेला. चिखलात चालताना पायाखाली पाचट चुरचुरत होतं, ओल्या मातीचा वास होता. मालक काका म्हणाले, "भोवरी फिरली बघा रानातनं, चक्रीवादळच." भाची बांधावरून चालत निघाली. कुठल्या कांड्याचा शेंडा कुठे आहे ते बघत. बांधाजवळ शेंडे पश्चिमेला, पुढे थोडे वायव्येला, पलीकडच्या टोकाला नैर्ऋत्येला. सगळा ऊस पंख्यासारखा उघडलेला, एका बाजूने ढकललेला. कुठेही वळसा नाही, कुठे शेंडे एकमेकांकडे तोंड करून पडलेले नाहीत.

"काका, फिरलं न्हाई हे. वरनं आपटून पसरलंय." तिने त्यांना शेंडे दाखवले. ते उकिडवे बसले, बराच वेळ त्या कांड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ढग उगवतीकडनं आला हुता, खरं हाय."

मग ती मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर चढली आणि चारी बाजूंचे चार फोटो काढले. ग्रुपवर टाकताना प्रत्येकाखाली गाव, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहिलं.